दुसरी किल्ली कोणाकडे आहे?

प्रश्न : मी ३७ वर्षांची आहे. मूळची साताऱ्याची, गेली बारा वर्षं पुण्यात बँकेत नोकरी करते. लग्न केलं नाही, आता करावंसंही वाटत नाही. मूल मात्र हवं आहे. दत्तक घ्यावं की आयव्हीएफ करावं, ठरत नाही. आई म्हणते, ‘बापाशिवाय लेकराचे हाल करू नकोस. शाळेत नाव काय लावणार?’ भावाने तर बोलणंच टाकलंय. मी स्वार्थीपणा करतेय का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. गेल्या चोवीस वर्षांत एकटीने मूल घ्यायला निघालेल्या जवळजवळ प्रत्येकीने मला तो विचारलाय. लग्न झालेल्या एकाही जोडप्याने विचारल्याचं आठवत नाही. वंश चालावा म्हणून, म्हातारपणी कोणी पाणी द्यावं म्हणून, सासूचे टोमणे थांबावेत म्हणून आपल्याकडे मुलं होतच असतात, आणि त्यांच्या आईबापांना कोणी स्वार्थी म्हणत नाही. तुम्हाला मूल हवंय, एवढं कारण पुरे आहे. तो प्रश्न इथेच सोडू.

माझं काम दत्तक प्रक्रियेतल्या गृहभेटीचं. घरी जायचं, माणसं बघायची, बोलायचं आणि गृह अध्ययन अहवाल लिहायचा. पगाराची स्लिप, वैद्यकीय दाखला, घराचे कागद हे सगळं फाइलमध्ये असतंच. त्यात खोट फारशी निघत नाही, कारण एकटीने हा निर्णय घेणारी बाई सहसा कागदाला पक्की असते. चहा झाला, की मी एकच गोष्ट विचारते : तुमच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे?

सिंहगड रोडवरचा एक फ्लॅट मला नेहमी आठवतो. तयारी बघण्यासारखी होती. सगळ्या सॉकेटना प्लास्टिकची झाकणं, कपाट अंगावर येऊ नये म्हणून भिंतीला ठोकलेलं, कोपऱ्यात पाळणा, त्यावरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. मी किल्लीचं विचारलं. ती जरा थबकली, पर्स उघडली आणि म्हणाली, ‘दोन्ही माझ्याकडेच आहेत.’ सात वर्षं ती त्या इमारतीत राहत होती आणि समोरच्या दारावरचं आडनाव तिला सांगता आलं नाही. मी म्हटलं, दीड महिन्याने परत येते. परत गेले तेव्हा समोरच्या काकूंनीच दार उघडलं, आत नेलं आणि देवघराशेजारच्या खिळ्यावरची किल्ली दाखवली. लाल लोकरीचा गोंडा बांधलेला, ‘घाईत आमच्या किल्लीत मिसळायला नको म्हणून.’ काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पुढे एका जुलैत मुलाला रात्री दीड वाजता तापात झटका आला, तेव्हा पावसात रिक्षा थांबवायला लुंगीवर धावले ते काकाच. तो मुलगा आता सहावीत आहे आणि काकांना ‘तात्या’ म्हणतो.

‘एकल’ आणि ‘एकटी’ यात आपण घोळ करतो. एकटीने मूल वाढवायचं असेल तर जोडप्यापेक्षा जास्त माणसं लागतात. नवराबायको कोणाला न विचारता दारं लावून राहू शकतात, निभतं कसंबसं. तुम्हाला ती चैन नाही.

हे शहाणपण मला आधीपासून होतं असं समजू नका. दत्तकाची नोंदणी अजून ऑनलाइन झाली नव्हती आणि संस्थेचा शब्द चालायचा, त्या काळात एका शिक्षिकेच्या अहवालात मी लिहिलं होतं, ‘घरात पुरुषाचा आधार नाही.’ तिच्या तीन बहिणी त्याच गल्लीत राहत होत्या. भेटीच्या वेळी तिघी ओळीने बसल्या होत्या, एकीने पोहे केले होते, आणि मला आधार दिसला नाही! फाइल मागे गेली. ती बाई पुन्हा आली नाही.

माझ्यासारख्यांनाच तसं वाटायचं असंही नाही. २०२२ साली भुसावळच्या न्यायालयाने एका घटस्फोटित शिक्षिकेला तिच्याच बहिणीची मुलगी दत्तक द्यायला नकार दिला होता. कारण असं, की ती नोकरी करते, तेव्हा मुलीकडे लक्ष कसं देणार? मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये तो निकाल रद्द केला आणि ही कुटुंबाबद्दलची मध्ययुगीन, जुनाट समजूत आहे, असं स्पष्ट सुनावलं. एकट्या बाईला नोकरी नसेल तर ‘खायला काय घालणार’ आणि असेल तर ‘सांभाळणार कोण’. दोन्हीकडून थप्पड.

आता आईचं म्हणणं, बापाशिवाय लेकराचे हाल. हे उडवून लावण्यासारखं नाही, पण जरा सोलून बघू. आईने आजवर बापाविना वाढलेली जी मुलं पाहिली ती बहुतेक विधवांची किंवा टाकलेल्या बायकांची असणार. त्या घरांत बाप गेला तेव्हा पगार गेला, कित्येकदा राहतं घर गेलं, दीर-सासऱ्यांशी भांडणं लागली. हाल झाले ते त्याने. केंब्रिज विद्यापीठातल्या सुसान गोलोम्बोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दात्याच्या शुक्राणूंपासून मूल झालेल्या ५१ एकल माता आणि त्याच मार्गाने मूल झालेली ५२ जोडपी, मुलं चार ते नऊ वर्षांची. मुलांच्या मानसिक जडणघडणीत त्यांना फरक आढळला नाही. त्रास दिसला तो जिथे आईला पैशाची ओढाताण जाणवत होती आणि ती थकून गेली होती तिथे. अभ्यास इंग्लंडातला आहे, तिथली शेजारपाजारची रीत वेगळी. पण थकलेल्या आईची गोष्ट मला पुण्यातही तशीच्या तशी दिसते.

आणि साताऱ्याच्या आईला तर तिच्याच गावाची आठवण करून द्यावी. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा सातारा-सांगली-कोकणातल्या किती घरांत बाप होता? होळी-गणपतीला यायचा, बाकी वर्षभर मनीऑर्डर. पलटणीत असलेल्यांच्या घरी तेच. त्या पोरांना आयांनीच वाढवलं. फक्त त्या एकट्या नव्हत्या. शेजारी जाऊ होती, ओसरीवर आजेसासू होती, भावकी नको तितकी जवळ होती. म्हणजे गावाकडे किल्लीचा प्रश्नच नव्हता, दारं उघडीच असायची. तुम्हाला ते पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर नव्याने उभं करायचंय. जुन्या पिढीतले पुरुष ‘आमचं कुटुंब’ म्हणत तेव्हा त्यांना नुसती बायको म्हणायची असायची. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर रेशनकार्डावर घरातली सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख झाली. शब्द बदलतात, तशी घरंही बदलतात, आणि कधीकधी सरकारी कागद घराच्या आधी बदलतो.

(जाता जाता : ‘स्वेच्छेने एकल माता’ हा शब्द आपण पगारदार बायकांसाठी वापरतो. तुमच्याकडे भांडी घासायला येणारी, दारुड्या नवऱ्याला बाहेर काढून तीन मुलं शिकवणारी बाईही निवड करूनच राहते. सोबत कशी उभी करायची हे तिला विचारा, माझ्यापेक्षा नीट सांगेल.)

दत्तक की आयव्हीएफ? मी दत्तकाच्या बाजूची माणूस, तेव्हा माझं थोडं झुकतं माप असणार, हे धरून वाचा.

दत्तकासाठी वयाचं गणित आधी बघा. २०२२ च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर एकल पालकाचं वय ४० पर्यंत लागतं. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ४५, चार ते आठसाठी ५० आणि त्यापुढच्या मुलांसाठी ५५. शिवाय तुमच्यात आणि मुलात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. वय नोंदणीच्या दिवशीचं धरतात. लहान बाळासाठी तीन-साडेतीन वर्षं वाट बघावी लागते, कधी जास्तही. म्हणून अजून मन ठरलं नसलं तरी नोंदणी करून टाका, असं मी ३७-३८ च्या प्रत्येकीला सांगते. नोंदणी म्हणजे सही करून बांधून घेणं नव्हे. बाई मुलगा किंवा मुलगी, कोणालाही दत्तक घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही.

नोंदणी ‘कारा’च्या म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवरच होते, दुसरा दरवाजा नाही. ‘अमुक तालुक्याच्या दवाखान्यात बाळ आहे, दोन लाखांत काम होईल’ असा निरोप तुमच्यापर्यंत येणार, हे मी आत्ताच सांगून ठेवते. बँकेतल्या एकट्या बाईला मूल हवंय ही बातमी दलालापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. बाल न्याय कायद्यात मुलाच्या खरेदी-विक्रीला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. आणि कायदा राहू द्या, त्या बाळाची आई कदाचित त्याला शोधत असेल.

पाळी आली की फोनवर मुलाचा फोटो, त्याचा अहवाल आणि वैद्यकीय तपासणी येते. मूल राखून ठेवायला ४८ तास मिळतात. माझ्या ओळखीतल्या एकीला तो मेसेज मार्चअखेरीच्या धामधुमीत काउंटरवर बसलेली असताना आला. तिने चेक परत केला, बाथरूममध्ये जाऊन फोटो बघितला, पुन्हा येऊन बसली आणि त्या दिवशी तिच्या कॅशचा हिशेब दीडशे रुपयांनी चुकला. पण अहवाल बालरोगतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय तिने हो म्हटलं नाही. तसंच करा. मूल घरी आल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी आमच्यासारखं कोणीतरी येऊन बघतं. त्याला तपासणी समजू नका, रडायची हक्काची जागा समजा.

एक इशारा. वयाची पायरी चुकली म्हणून मोठं मूल घेऊ नका. सहा वर्षांचं मूल स्वतःच्या आठवणी घेऊन येतं. पहिले दोन महिने गोड वागतं आणि मग तुम्ही त्याला खरंच ठेवणार का, हे जोखायला घर डोक्यावर घेतं. मोठ्या मुलाला आई होणं फार सुंदर असू शकतं, पण ते तेच हवं असणाऱ्यांनी करावं. बाळ मिळत नाही म्हणून केलेलं असलं तर मुलाला ते आठवड्यात कळतं. मुलं संस्थेत परत आलेली मी पाहिली आहेत. त्या दिवसांबद्दल लिहायची माझी तयारी नाही.

आयव्हीएफचं थोडक्यात. २०२१ च्या सहाय्यित पुनरुत्पादन कायद्यात अविवाहित बाईला परवानगी आहे. वय २१ च्या पुढे आणि ५० च्या आत. शुक्राणू नोंदणीकृत बँकेतूनच घ्यायचे, दाता अनामिक, त्याचा मुलावर कसलाही हक्क नाही. ‘ऑफिसमधला मित्र तयार आहे’ हा मार्ग या कायद्यात बसत नाही. सरोगसी मात्र तुम्हाला बंद आहे. एकट्या बायकांपैकी फक्त ३५ ते ४५ वयाच्या विधवा आणि घटस्फोटितांना ती करता येते. कधीच लग्न न केलेलीला नाही. एकदा नवरा होऊन गेलेला असला की पात्र, हा न्याय मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेलं नाही. ३७ व्या वर्षी अंड्यांची संख्या आणि प्रत दोन्ही उतरणीला लागलेल्या असतात, तेव्हा हा मार्ग मनात असेल तर अंड्यांचा साठा किती उरलाय ते सांगणारी एएमएचची रक्ततपासणी याच महिन्यात करा. एका खेपेचा खर्च लाखाच्या पुढे जातो आणि पहिल्याच खेपेला यश येईल असं धरून कर्ज काढू नका. किती खेपा करायच्या, हा आकडा आधी कागदावर लिहून मैत्रिणीकडे ठेवायला द्या. तिसऱ्या अपयशानंतर तो आकडा स्वतःहून कोणी पाळत नाही.

शाळेतलं नाव. महाराष्ट्रात हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त टोचतो, कारण आपल्याकडे बापाचं नाव पोटातच बसवलेलं असतं : स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. मधला रकाना मोकळा दिसला की कारकून मान वर करतो. कायद्याची बाजू सांगते. जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता मुलाचं पालकत्व घेता येतं असा निकाल दिला आणि अशा आईने मागितला तर प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्यायला सांगितलं. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टला एकाच पालकाचं नाव चालतं. डिसेंबर २०१८ पासून आई एकल पालक असेल तर पॅनकार्डासाठी वडिलांचं नाव सक्तीचं नाही. आणि १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव सक्तीचं आहे.

कागदावर एवढं सगळं असूनही एका शाळेत मला ‘मॅडम, सॉफ्टवेअर घेतच नाही’ असं ऐकावं लागलंय. तिथे आवाज चढवू नका. निकालाची प्रत, जन्मदाखला, दत्तकाचा आदेश अशी एक प्लास्टिकची फाइल कायम तयार ठेवा, मुख्याध्यापकांना भेटा, तिथेच मधल्या रकान्यात तुमचं नाव लिहा. जातीच्या दाखल्याला मात्र वडिलांकडचे कागद मागण्याची सवय अजून गेलेली नाही. त्याची गरज असेल तर शाळेच्या शेवटच्या वर्षाची वाट न बघता लवकर वकील गाठा. आणि आई फारच काळजीत असेल तर तिला नाशिकच्या लेण्यांची गोष्ट सांगा. आपल्या मुलखावर राज्य केलेला सातवाहन राजा तिथल्या शिलालेखात आईच्या नावाने ओळखला जातो : गौतमीपुत्र सातकर्णी. त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी. बाप होते त्यांना, पण नाव आईचं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मुलाशी खोटं बोलू नका. एका आईने दात्याकडून झालेल्या मुलीला सांगितलं होतं, ‘बाबा देवाघरी गेले.’ सोपं वाटलं तिला. मुलगी पाच वर्षांची झाली आणि मैत्रिणीच्या घरून येऊन म्हणाली, ‘त्यांच्याकडे आजोबांचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलाय. आपल्या बाबांचा कुठाय?’ मग फोटो पुरात गेल्याची गोष्ट आली. मग श्राद्ध का नाही करत, त्याची. तेराव्या वर्षी एका लग्नात, पंगतीत, एका मावशीच्या तोंडून सत्य निघालं. मुलगी माझ्याकडे आली ती बापाबद्दल विचारायला नाही. ‘आई अजून काय काय खोटं बोललीय?’ एवढंच तिला हवं होतं.

‘दत्तक’ हा शब्द मूल चार वर्षांचं व्हायच्या आत त्याच्या कानावर लाडाच्या सुरात पडलेला असावा. दात्याची गोष्टही लहानपणीच सांगता येते : बाळासाठी लागणारी एक गोष्ट आईकडे नव्हती, ती एका काकांनी दिली, डॉक्टरांनी मदत केली. चार वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं आणि ते लगेच खाऊ मागतं. थरकाप होतो तो मोठ्यांचा. दुसरीत कधीतरी वंशवृक्षाचा प्रकल्प येईल. सिंहगड रोडच्या त्या मुलाने झाडावर आई, आजी, दोन मावश्या आणि तात्या-काकू चिकटवले होते आणि एक पान कोरं ठेवलं होतं. बाईंनी विचारलं तर म्हणाला, ‘हे जिच्या पोटात होतो तिचं. नाव माहीत नाही.’ बाईंनी त्या पानाला हिरवा रंग द्यायला सांगितला.

राहिला भाऊ. एकल पालकाच्या फाइलमध्ये नातेवाइकाचं एक हमीपत्र लागतं : तुमचं काही बरंवाईट झालं तर मुलाला मी सांभाळीन. फोनवर समजूत घालत बसण्यापेक्षा साताऱ्याला जा, जेवणं झाल्यावर ते त्याच्या पुढ्यात ठेवा आणि वाचायला सांगा. मी पाहिलेल्या अबोल्यांपैकी बरेच त्या कागदावर सुटले आहेत, कारण एरवी सगळे ‘लोक काय म्हणतील’वर बोलत असतात आणि इथे पहिल्यांदा खरा प्रश्न समोर येतो. तो नाही म्हणाला तर वाईट वाटेल, पण दुसरं कोण सही करेल याचा विचार त्याच रात्री सुरू करा. मामेबहीण, चुलतभाऊ, कोणीही, पण ज्याच्या घरी तुमचं मूल दिवाळीला जाईल असं माणूस हवं. मूल आल्यावर मृत्युपत्रही करा आणि त्याचंच नाव पालक म्हणून लिहा.

नोंदणीला बसण्याआधी आधार आणि पॅनवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना ते बघून घ्या. अर्ध्या फाइली तिथेच अडकतात. पत्ता साताऱ्याचा असेल तर पुण्याचा करून घ्या, नाहीतर गृहभेटीला सातारचं कोणीतरी तुमच्या आईच्या दारात जाऊन उभं राहील, आणि नोंदणी केल्याचं तुम्ही तिला अजून सांगितलेलं नसेल.